जड हाताचे गिऱ्हाईक आणि पियानोचा मिस्त्री

हार्मोनियम दुरुस्तीचे छोटे दुकान चालविणाऱ्या आमच्या एका वाचकाचे पत्र मध्यंतरी आले. त्यांच्या गावातल्या एका शाळेत जुना पियानो आहे. तो वाजविणाऱ्या बाईंचा हात फार जड. तारा तुटतात, पट्ट्या खडखडतात. शाळेने या वाचकांना बोलावून विचारले की, पट्ट्यांमध्ये शिसे भरून त्या जरा कडक करून मिळतील काय? म्हणजे बाईंचा हात आपोआप आवरेल. पत्राच्या शेवटी वाचकांनी सरळ प्रश्न केला होता : ‘पैसे बरे देत आहेत. काम घेऊ की नको?’

प्रश्न साधा दिसला तरी उत्तर आमच्यापाशी नव्हते. हार्मोनियमची पट्टी म्हणजे एक झडप. ती उघडली की हवा सुटते आणि सूर लागतो. तुम्ही हळू दाबा की जोरात, सुराला त्याचे फारसे सोयरसुतक नसते. आवाज कमी-जास्त होतो तो भात्याने. पियानोचे तसे नाही. म्हणून आम्ही मुंबईत पियानोचे काम करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींना गाठले. ते म्हणाले, ‘योगायोगाने असलेच एक काम हातात आहे. तीन दिवस येऊन बसा, मग वाचकाला काय लिहायचे ते लिहा.’ आम्ही तीन दिवस गेलो. हा लेख त्या तीन दिवसांचा.

ते काम एका खाजगी संगीत क्लासमधले होते. परदेशातून आलेला जुना जपानी ग्रँड पियानो. शिकविणारे सर उंच, रुंद पंजांचे. त्यांची सारी जवानी लग्नाच्या हॉलमध्ये आणि हॉटेलांत बँडबरोबर वाजविण्यात गेलेली. तिथे ढोल आणि ट्रंपेटच्या गलक्यात पियानो ऐकू यावा म्हणून हात जो जड झाला तो झालाच. वर्षभरात वरच्या सुरांच्या सहा तारा तुटल्या होत्या. आधी आलेल्या एका कारागिराने निदान केले की, पट्ट्या हलक्या आहेत म्हणून सरांचा हात वाहवत जातो. त्याने सर्व पट्ट्यांच्या मागच्या भागात शिशाचा एकेक ठोकळा बसवून दिला आणि मजुरी घेऊन तो गेला. त्यानंतर आणखी दोन तारा तुटल्या आणि सरांचा उजवा हात कोपरापासून दुखू लागला. शिकविणे हाच ज्याचा चरितार्थ, त्याचा हात दुखणे म्हणजे दुकान बंद पडण्यासारखेच.

हातोडी कशी सुटते?

मिस्त्रींनी आल्याबरोबर समोरची फळी काढली, दोन्ही बाजूंचे ठोकळे सोडविले आणि पियानोचे सारे यंत्र, ज्याला या धंद्यात ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात, ते कपाटातल्या खणासारखे बाहेर ओढून टेबलावर ठेवले. ज्यांनी हे कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे समजावून सांगणे जरूर आहे, कारण पुढचा सगळा हिशेब यावरच आहे.

पट्टी म्हणजे तराजूची दांडी. मधोमध एका खिळ्यावर ती टेकलेली असते. पुढचे टोक बोटाने दाबले की मागचे टोक उचलले जाते. त्या टोकावरची पितळी गुंडी वरच्या एका लाकडी तरफेला उचलते. तिला व्हिपन म्हणतात. व्हिपनवर जॅक नावाचा छोटा उभा तुकडा असतो. तो हातोडीच्या दांड्याखालच्या कातडी रोलरला धक्का देतो आणि हातोडी तारेकडे उडते. पट्टी साधारण १० मि.मी. खाली जाते, तेवढ्यात हातोडी सुमारे ४५ मि.मी. वर जाते. म्हणजे बोटाने एक मि.मी. दिला तर हातोडी चार ते पाच मि.मी. चालते.

खरी गंमत पुढे आहे. हातोडी तारेपासून दीड-दोन मि.मी. अंतरावर आली की जॅक एका बटणाला अडून बाजूला सरकतो. याला ‘लेट-ऑफ’ म्हणतात. तेथून पुढे हातोडी कोणाच्याही ताब्यात नसते. गलोलीतून खडा सुटावा तशी ती स्वतःच्या वेगाने जाऊन तारेवर आदळते आणि परत येते. परत येताना तिची शेपटी पट्टीच्या मागच्या भागावर उभ्या असलेल्या कातडी लावलेल्या ठोकळ्यात अडकते. तो ‘चेक’. चेकने धरले नाही तर हातोडी खाली आपटून पुन्हा उसळते आणि कधी कधी तारेवर दुसरा टोला देते.

याचा अर्थ असा की, जॅक निसटल्यानंतर बोटाने कितीही दाब दिला तरी सुरात एक कणाचाही फरक पडत नाही. आवाज ठरतो तो हातोडी सुटते त्या क्षणाच्या वेगावर. सर जो जोर पट्टीच्या तळाशी घालीत होते तो सुरात जात नव्हता. तो पट्टीखालच्या फेल्टच्या चकतीत आणि सरांच्या मनगटात जात होता.

फ्लॉरेन्सच्या क्रिस्तोफोरीने १७००च्या सुमारास पहिला पियानो केला, तेव्हाच ही सुटकेची युक्ती त्यात होती. पॅरिसच्या एरार घराण्याने १८२१ मध्ये तीत भर घातली. व्हिपनवर आणखी एक स्प्रिंगची तरफ बसवून त्यांनी अशी सोय केली की, पट्टी पूर्ण वर न येताच तोच सूर पुन्हा वाजविता यावा. आजचे ग्रँड पियानो त्याच मार्गाने चालतात. जड हात हा प्रश्नही नवा नाही. लिस्टच्या मैफलींत तारा तुटत असत ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्या काळचे पियानो लाकडी सांगाड्याचे होते. बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने १८२५ मध्ये अखंड ओतीव लोखंडी चौकटीचे पेटंट घेतले आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. आज मोठ्या ग्रँडमध्ये सगळ्या तारांचा मिळून सुमारे २० टनांचा ताण ती चौकट सोसते. पण तार ती तारच. चौकट मजबूत झाली म्हणून तार अमर होत नाही.

सोनाराची वजने

मिस्त्रींनी पेटीतून पहिली वस्तू काढली ती स्क्रूड्रायव्हर नव्हे, तर सोनाराच्या दुकानात असतात तशी छोटी वजने. अ‍ॅक्शन पुन्हा आत सरकवून त्यांनी शागीर्दाला उजवे पेडल दाबून धरायला सांगितले, म्हणजे तारांवरचे डँपर उचललेले राहतात आणि त्यांचा भार हिशेबात येत नाही. मग मधल्या ‘सी’च्या पट्टीच्या पुढच्या टोकावर एकेक वजन ठेवत गेले. पट्टी ज्या वजनाला हळूहळू खाली जाते ते ‘उतरते वजन’. मग पट्टी खाली असताना वजने काढत गेले. जे वजन अंगावर घेऊनही पट्टी हळूहळू वर येते ते ‘चढते वजन’. उतरते आले ७० ग्रॅम, चढते ३० ग्रॅम.

आम्ही विचारले, यावरून काय समजायचे? ते म्हणाले, ‘दोन्हींची बेरीज करून अर्धी करा : ५० ग्रॅम. हा तराजूचा खरा कल. दोन्हींची वजाबाकी करून अर्धी करा : २० ग्रॅम. हे घर्षण. दोन आजार वेगळे, त्यांचे औषध वेगळे. आधीच्या माणसाने हे मोजलेच नाही.’

त्यांनी त्याच पट्टीतले नवे शिसे काढले आणि पुन्हा मोजले. ५८ आणि १८. म्हणजे तराजूचा कल ३८ वर आला, पण घर्षण २०च्या २० राहिले. मधल्या सुरांना साधारण ५० ग्रॅम उतरते, २०च्या वर चढते आणि घर्षण १० ते १५च्या दरम्यान, हे चांगल्या ग्रँडचे प्रमाण मानतात. या पियानोचा कल पहिल्यापासून ठीकच होता. बिघडले होते घर्षण. मुंबईची दमट हवा, पावसाळ्यात फुगलेले लाकूड, पट्टीच्या खिळ्याभोवतीचे आवळलेले बनातीचे अस्तर आणि सांध्यांच्या बारीक पिनांवर चढलेला गंज. पट्टी वर यायला आळस करी, म्हणून सर ती जास्त जोराने हाणीत. आणि औषध म्हणून काय दिले? तर आणखी वजन. ज्या बैलाचे चाक गंजले आहे त्याच्या गाडीत दगड भरण्यातला हा प्रकार.

इथे एक गोष्ट आमच्या कारागीर वाचकांनी पक्की ध्यानात घ्यावी. वजने ठेवून जे मोजले जाते ते पट्टी संथ चालतानाचे. जोरात वाजविताना वेगळाच हिशेब लागतो. रिकामी हातगाडी आणि माल भरलेली हातगाडी सपाट रस्त्यावर हळूहळू ढकलणे एक वेळ सारखे वाटेल. पण एका झटक्यात पळवायची म्हटली की फरक कळतो. हे जडत्व. पट्टीत शिसे पुढे घाला की मागे, जडत्व वाढतेच. पुढे घातले तर वजनावर पट्टी हलकी मोजली जाते आणि जोरात वाजविताना मात्र जड लागते. म्हणून निव्वळ ‘५० ग्रॅम आहे’ असे सांगणाऱ्यावर विसंबू नये. हातोडीचेही तसेच. हातोडीच्या डोक्यावर एक ग्रॅम वाढला की बोटाखाली पाच-सहा ग्रॅम वाढतात.

शिशाबद्दल आणखी एक. दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या शिशावर पांढरी भुकटी धरते, ते फुगते आणि पट्टीचे लाकूड चिरते. समुद्रकाठच्या जुन्या पियानोत असे चिरलेले लाकूड मिस्त्रींनी पुष्कळ पाहिले आहे. भोक पाडणे पाच मिनिटांचे काम. ते बुजवून, लाकडी गुल्ली चिकटवून, पट्टी पूर्ववत करणे त्याहून वेळखाऊ. सरांच्या पियानोत अशा ८८ गुल्ल्या बसल्या. त्यात शागीर्दाचा पहिला दिवस पुरा गेला आणि दुसऱ्या दिवसाची सकाळही.

‘सर, हात जड नाही’

दुपारी चहा झाल्यावर मिस्त्रींनी सरांना वाजवायला बसविले आणि स्वतः खोलीच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. सरांनी मोठे स्वरपुंज वाजविले. आवाज कर्कश, पण पोकळ. मिस्त्री म्हणाले, ‘सर, अजून जोरात.’ सरांनी आणखी जोर लावला. आवाज होता तेवढाच राहिला. फक्त पट्ट्यांचा खटखटाट वाढला.

‘सर, हात जड नाही. तुम्ही मागता ते पियानो देत नाही, म्हणून तुम्ही आणखी मागता.’

कारणे त्यांनी एकेक दाखविली. हातोड्यांच्या फेल्टवर तारांनी खोल चरे पाडले होते. नवी हातोडी तारेला एका बिंदूत शिवते. चरे पडलेली हातोडी लांबट सपाट जागेने आदळते. फेल्ट दाबून दगडासारखा झालेला असतो. मग हळू वाजविले तरी आवाज टोचतो आणि जोरात वाजविले तरी वाढत नाही. तारेला मात्र मार बसतो. लेट-ऑफ काही ठिकाणी चार-पाच मि.मी.वर गेला होता, म्हणजे हातोडीला लवकर सोडून दिले जात होते. हातोड्यांचे अंतर ४५च्या ऐवजी ४९ झाले होते, आणि पट्टीची खोली १०च्या ऐवजी साडेनऊच्याही खाली. चेक इतके पुढे वाकलेले की वर जाणाऱ्या हातोडीच्या शेपटीला ते घासत. बोटाचा निम्मा जोर वाटेतच खर्च होत होता.

आणि शेवटचे कारण खोलीचे. शेजाऱ्यांच्या तक्रारीमुळे सरांनी पियानोखाली जाड गालिचा अंथरला होता, भिंतीला पडदे लावले होते आणि झाकण कायम बंद. शेजाऱ्यांना ऐकू येऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्तात वाजविणाऱ्यालाच ऐकू येईनासे झाले. मिस्त्रींनी एका बाजूचा पडदा काढायला लावला आणि झाकण अर्ध्या काठीवर उघडले. याचे त्यांनी काही घेतले नाही. सरांनी पुन्हा हात टाकला आणि लगेच थोडा आवरता घेतला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

जड हाताला काय द्यावे?

यावरून कोणी असे समजू नये की जड हातासाठी काही वेगळे करावेच लागत नाही. करावे लागते, पण ते शिशात नाही.

पहिले काम स्क्रू. हातोडीचे ८८ सांधे आणि व्हिपनचे ८८ सांधे, प्रत्येकाला एक स्क्रू. जोरात वाजविणाऱ्याकडे ते वर्षात ढिले पडतात. ढिला सांधा म्हणजे वाकडी हातोडी, वाकडी हातोडी म्हणजे तीन तारांपैकी एकीवर सारा मार. शागीर्दाने सगळे आवळले; अर्धा फेरा, पाव फेरा. फार आवळले तर लाकडातला आटा मरतो.

मग घर्षण. खिळ्यांना पॉलिश, बनातीच्या अस्तराला खास सांडशीने जरा सैल करणे, अडकलेल्या सांध्यांच्या पिना बदलणे. अस्तर गरजेपेक्षा सैल केले तर पट्टी बाजूला हलू लागते आणि जड हाताखाली ती महिन्यात खडखडते, म्हणून हे काम सबुरीने करायचे. हे झाल्यावर मधल्या ‘सी’वर पुन्हा वजने ठेवली : ५० आणि २६. बेरजेची निम्मी ३८, पूर्वीइतकीच. वजाबाकीची निम्मी १२. शिशाचा एक दाणाही न घालता पट्टी सुधारली.

हातोड्या पॉलिश पेपरच्या पट्टीने घासून पुन्हा अंड्याच्या आकाराच्या केल्या. चरे अगदी मुळापर्यंत काढले नाहीत, कारण वरच्या सुरांना फेल्ट थोडाच असतो. तो संपला की हातोड्याच बदलायच्या, आणि तो खर्च मोठा. नंतर खालच्या खांद्यांत सुया टोचून फेल्टला थोडी लवचीकता दिली. याला व्हॉइसिंग म्हणतात. मिरजेच्या सतारींची जवारी करणारे कारागीर घोडीची हाडाची पाठ घासून तार कशी बोलावी ते ठरवितात, आणि प्रत्येक वादकाची जवारी निराळी असते. फेल्टच्या कामाचे नाते तिच्याशीच आहे. दोन्हींत काढलेले परत घालता येत नाही.

मग रेग्युलेशन. पट्टीची पातळी, तिची खोली, हातोडीचे अंतर, लेट-ऑफ, त्यानंतर हातोडीने किंचित खाली उतरणे, चेक आणि स्प्रिंग. ८८ पट्ट्या आणि सात जोडण्या म्हणजे ६१६ वेळा हात लावायचा. आणि एक बदलली की तिच्यामुळे दुसरी थोडी हलते, म्हणून बऱ्याच ठिकाणी दोनदा. जो मिस्त्री दोन तासांत रेग्युलेशन करून देतो म्हणतो त्याच्यापासून गिऱ्हाइकाने सावध राहावे.

सरांच्या हाताचा विचार करून त्यांनी नेहमीच्या मापात काही फरक केले. खर्जाच्या तारा जोरात वाजविताना फार हेलकावतात, म्हणून तिथला लेट-ऑफ जरा लांब, अडीच-तीन मि.मी.वर ठेवला. नाहीतर हेलकावणारी तार हातोडीलाच शिवते. पट्टीच्या पुढच्या टोकाखाली फेल्टची चकती असते. जुन्या चकत्या दबून कागद झाल्या होत्या. त्यांच्या जागी घट्ट फेल्टच्या नव्या घातल्या आणि खोली दहाला किंचित वर ठेवली. कारण जड बोटाखाली पट्टीचे लाकूडही जरा लवते आणि जॅकला पूर्ण निसटायला जागा लागते. ती मिळाली नाही तर हातोडी तारेजवळच घुटमळते. चेक मागे घेऊन असे वाकविले की जाताना शेपटीला शिवू नयेत आणि येताना तारेपासून १५-१६ मि.मी.वर घट्ट धरावेत. शेपट्या गुळगुळीत झाल्या होत्या, त्यांना कानशीने खरबरीत केले. स्प्रिंग बेताची ठेवली. ती फार कडक असली तर हातोडीला चेकमधून सोडविते आणि बोटाला खालून ठोसा लागतो. सर्वांत शेवटी डँपरच्या वरची अडणी बघितली, कारण जड हात डँपरलाही हवेत उडवितो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर बसले. पहिली दहा मिनिटे त्यांना काही जमेना. ‘फार हलका वाटतो,’ म्हणाले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. पेटीतून छोटे पितळी चिमटे काढून मधल्या एका सप्तकाच्या पट्ट्यांना मागे लावून दिले. भोक नाही, गोंद नाही. ‘आठ दिवस असेच वाजवा. चिमट्यांचे सप्तक आवडले तर मी सगळीकडे वजन घालून देईन. नाही आवडले तर काढून मला परत करा.’ आम्हाला ही रीत फार पसंत पडली. गिऱ्हाइकाला मूर्ख ठरवायचे नाही आणि लाकडालाही छिद्र पाडायचे नाही. पाचव्या दिवशी सरांनी चिमटे काढून ठेवल्याचे कळले.

वजनदार वाजविण्यासाठी पट्टीही वजनदार हवी हा समज शिकविणाऱ्यांतही पक्का आहे. व्लादिमीर होरोविट्झ यांच्या वादनातली गर्जना ज्यांनी ध्वनिमुद्रणात ऐकली असेल त्यांना वाटेल की याचा पियानो फार जड असणार. प्रत्यक्षात त्यांच्या स्वतःच्या स्टाइनवेची पट्टी विलक्षण हलकी म्हणून प्रसिद्ध होती. १९८६ मध्ये ते मॉस्कोला गेले तेव्हा तो पियानो बरोबर घेऊन गेले, आणि त्यांचे तंत्रज्ञ फ्रान्झ मोर त्याची देखभाल करीत. असा पियानो दुसऱ्याच्या हाताला झेपेलच असे नाही. पण हलक्या पट्टीतून मोठा आवाज निघत नाही, हे म्हणणे खोटे ठरायला एवढे पुरे.

मात्र काही गिऱ्हाइकांना जडपणा खरोखर हवा असतो. एखादा विद्यार्थी घरी फार हलक्या पियानोवर सराव करतो आणि परीक्षेच्या जागी जड पट्टी आली की त्याची बोटे अडतात. अशा वेळी थोडे वजन वाढविणे वाजवी आहे, पण आधी मोजून, आणि काढता येईल असे. उभ्या पियानोत तर एरारची तरफ नसते. पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय सूर पुन्हा वाजत नाही. तिथे जड हाताच्या माणसाला कितीही रेग्युलेशन करून ग्रँडचा अनुभव देता येणार नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे.

धंद्याचा हिशेब

या कामात पैसा आहे का, हे आमच्या वाचकांना जाणून घ्यायचे असेलच. पियानो आपल्याकडे घरोघर नाही. इलेक्ट्रॉनिक पियानोने नवे गिऱ्हाईक पुष्कळ नेले. पण मुंबई, पुणे, गोवा येथल्या शाळा, चर्च, हॉटेले, क्लास आणि जुनी घरे यांतून पियानो आहेत, आणि परदेशातून वापरलेले येतही असतात. सूर लावणारे मिळतात. अ‍ॅक्शन उघडून बसणारे फार कमी. सूर लावण्याचे काम दोन तासांत होते आणि लगेच पैसे मिळतात. रेग्युलेशनला तीन दिवस लागतात आणि गिऱ्हाइकाला आतले काही दिसत नाही, म्हणून मेहनतान्यावर घासाघीस होते. मिस्त्री त्यासाठी एक छोटी वही ठेवतात. पहिल्या दिवशीची उतरती-चढती वजने आणि मापे तीत लिहून गिऱ्हाइकाची सही घेतात, आणि शेवटच्या दिवशी त्याच्या शेजारी नवी मापे लिहितात. आकडे समोर असले की घासाघीस कमी होते.

शिकायचे कुठे? त्यांनी स्वतः उस्तादाजवळ बसून शिकले. जपानात यामाहाची तंत्रज्ञांसाठी शाळा आहे, जर्मनीत हा रीतसर शिकाऊ उमेदवारीचा धंदा आहे. अमेरिकेतील पियानो तंत्रज्ञांच्या गिल्डमध्ये लेखी, सूर लावणे आणि यंत्राचे काम अशा तीन परीक्षा पार कराव्या लागतात. सूर लावता येतो म्हणून यंत्र येते असे तिथे धरीत नाहीत. आपल्याकडे असा भेद कोणी करीत नाही, आणि सरांचे ८८ शिशाचे ठोकळे त्यातूनच आले.

सरांचा हात हळूहळू दुखायचा थांबला, असे त्यांनी दोन महिन्यांनी सांगितले. मात्र एक तार त्यानंतरही तुटली. मिस्त्रींनी येऊन पाहिले तर ती टोकाला गंजलेली जुनी तार होती. त्यांनी शेजारच्या चार गंजलेल्या तारांचा खर्च सांगितला आणि त्या बदलून घ्यायला सांगितले. सरांनी दोन बदलल्या.

आमच्या वाचकांना आम्ही मिस्त्रींचा निरोप कळविला : आधी वजने ठेवून मोजा, भोक पाडू नका, स्क्रू आवळणे, सफाई आणि अडलेल्या पट्ट्या मोकळ्या करणे एवढे जमत असेल तर घ्या, हातोड्यांना हात लावू नका. त्यांचे उत्तर आले. त्यांनी शाळेत जाऊन सोनाराकडून उसन्या आणलेल्या वजनांनी मोजले; घर्षण तिथेही २५च्या वर निघाले. शिशाचे काम त्यांनी नाकारले आणि सफाईचे, मूळ रकमेच्या निम्म्याहून कमी, असे दरपत्रक दिले. मुख्याध्यापकांनी ते शाळेच्या समितीपुढे ठेवले आहे. समितीतल्या एका सभासदाचे म्हणणे असे पडले की, एवढे कमी पैसे सांगतो त्या अर्थी याला काम येत नसावे. निकाल अजून लागलेला नाही.